डोमा टर्बो

माझं नाव नूतन. बालाघाटले गोंदिया रोडवर पंक्चरचं एक दुकान आहे, तिथं खुर्चीवर एक माणूस मुंडी खाली घालून बसला राह्यते. तो माझा नवरा, डोमाजी. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणते लोक. अरे, ज्या माणसाचं नाव गाड्याईच्या मागं लाल अक्षरात लागलं, ते घ्यायले मले कशाची लाज?

'डोमा टर्बो' असं लिहिलं राहे. दहा-अकरा वर्षं झाले असतीन, या गावात ते स्टिकर दिसलं का पोट्टे सायकली थांबवून पाहत. अन् आज मी त्याच माणसाले म्हणते, शेजारच्या साधनाच्या स्कूटीचा प्लग तरी पाहून द्या, तर म्हणते मिस्तरीकडं पाठव. मंग तुम्ही कोण आहा? तर म्हणते, मी पंक्चरवाला. असं डोकं फिरते माझं, काय सांगू.

टर्बो म्हणजे काय ते मले गॅरेजात चहा देता देता समजलं. इंजनातून जो जळका धूर बाहेर पडते, तो फुकट जाऊ द्यायचा नाही. त्याच्या जोरावर एक फिरकी फिरवायची, अन् त्या फिरकीनं इंजनात ज्यादा हवा कोंबायची. चुलीत फुंकणी मारली का जाळ कसा उठते, तसंच. डोमाजी नागपुरात हे काम शिकले, ट्रकाईचे टर्बो बांधत. इकडं आपलं गॅरेज टाकलं तेव्हा मँगनीजच्या खदानीवरचे ट्रक रांगेत उभे राहत.

मंग शालिकराम सेठचा पोरगा आला. शालिकराम सेठचं छोट्या गाड्याईचं शोरूम होतं, अजून आहे. त्याचा पोरगा रजत इंदोरहून शिकून आला तो डोक्यात भलतंच खूळ घेऊन. आमच्या गॅरेजात स्टुलावर बसे अन् मोबाइलवर एकेक गाडी दाखवे. म्हणे काका, अमेरिकेत, जर्मनीत, जपानात चाळीस-पन्नास वर्षांपासून हे चालते. कंपनीची कोरी गाडी शोरूममध्ये येते, तिथून सीधी एखाद्या कारीगराच्या गॅरेजात जाते. तो तिचं इंजन खोलते, टर्बो बसवते, स्प्रिंगा बदलते, आपलं नाव मागं लावते. गाडी वापस शोरूममध्ये. गिऱ्हाईक शोरूममधूनच घेते, पक्क्या बिलावर, वारंटीसकट. कारीगराचं नाव कंपनीच्या नावाच्या बाजूले. अन् त्या गाड्या आज लोक लेकरासारख्या जपते.

डोमाजी ते ऐकत तेव्हा त्याईचा चहा थंडा होऊन जाय. कोणत्या गॅरेजात झालं, त्यानं आत काय काय बदललं, किती वर्षं चालली, परत परत विचारत. घरी येऊन मले सांगत. बायको म्हणून सांगते, लग्नात नव्हता तेवढा खुश होता तो माणूस.

सेठले रजतनं पटवलं. सरकारी कागदाचं सेठनं पाहिलं, कामाचं डोमाजीनं. पहिली गाडी डॉक्टरनं घेतली. मंग राइस मिलवाल्यानं. एका ठेकेदारानं तर दोन घेतल्या, एक आपल्याले अन् एक साळ्याले. दिसायले साधीसुधी छोटी गाडी, पण पाय दाबला का अशी उसळे का मागच्याच्या हातातला समोसा खाली. गोंदियाचे लोक येऊन विचारून जात.

सहा-आठ महिने झाले अन् रोज बैहरचा घाट चढणारी डॉक्टरची गाडी शिट्टी मारायले लागली. मंग निळा धूर. डोमाजीनं खोलली तर टर्बोच्या फिरकीची दांडी काळी ठिक्कर, वर कोळशाची खपली. नवा टर्बो बसवून दिला, तोही गेला. मंग मिलवाल्याची गेली, मंग ठेकेदाराच्या दोन्ही, सगळ्या त्याच घाटात फिरणाऱ्या. या माणसानं तेल बदलून पाह्यलं, नळ्या बदलल्या, मोठं रेडिएटर लावलं. जेवणाचं भान नाही, झोपेचं भान नाही. गाड्या येतच राह्यल्या, धूर सोडत. शेवटी सेठनं सगळ्याईचे टर्बो काढून टाकले, गाड्या साध्या करून दिल्या, अन् भर शोरूममध्ये चार लोकाईपुढं म्हणाला का गाडी कंपनीची चांगली होती, डोमाजीचा हातच कच्चा.

ते वाक्य गावभर झालं. पण गावाचं सोडा, ते या माणसानं स्वतःच धरून घेतलं. एक दिवस पाने-पेटी कुलूप लावून पलंगाखाली ढकलली अन् पंक्चरची टाकी आणली. मी भांडली, रडली, भावाले बोलावून समजावून पाह्यलं. काही नाही. एकच बोलणं, "नूतन, माझ्या हातात खोट आहे." ते ऐकलं का माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खोट असती तर ट्रक कसे चालले असते? पण ऐकते कोण?

यंदा थंडीत रजत घरी आला. आता शोरूम तोच पाह्यते, सेठ घरी बसला. रजत म्हणे, काका, आता तर कंपन्याच छोट्या गाड्यात टर्बो देऊन राह्यल्या, लोकाईले समजून राह्यलं. आपण परत चालू करू, कायद्यानं, सगळ्या मंजुऱ्या घेऊन. नाव तेच, डोमा टर्बो. अन् बाबा जे बोलले त्याची माफी मी मागतो. त्यानं खरंच हात जोडले.

मले वाटलं, झालं, देवानं ऐकलं. मी पोह्याची प्लेट हातात घेऊन दरवाज्यात उभी, अन् आमचे हे म्हणते काय, "त्या गाड्या काहून जळल्या ते सांग. ते समजल्याबिगर मी पाना हातात घेत नाही." रजत काय सांगन? त्याले समजलं असतं तर इथं येऊन हात जोडले असते का? तो बिचारा पोहे खाऊन निघून गेला. त्या दिवशी मी भांडे असे घासले का एका ताटलीले पोचा पडला.

मले फक्त एक पायजे होतं. त्या माणसानं पलंगाखालची पेटी बाहेर काढावी. पैसा नको, नाव नको. रोज सकाळी उठून आपल्याच हाताकडं असं पाह्यते जसे ते कोणा दुसऱ्याचे आहे, ते मले पाहवत नाही.

मंग मीच रजतले फोन लावला. म्हटलं, एखादी तरी वाचली असन ना रे? तो म्हणे काकू, सगळ्या साध्या केल्या, नाहीतर भंगारात गेल्या. एकच आहे जी परत कधी आली नाही, लामता गावच्या मेश्राम मॅडमची. म्हटलं, आली नाही म्हणजे मेली का जिवंत आहे? ते त्याले माहीत नव्हतं. असे हे शोरूमवाले. चल म्हटलं, आत्ता चल.

गीता मेश्राम मॅडम शाळेतून रिटायर झाल्या. अंगणात तुळतुळीत शेणसडा, भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो, अन् टिनाच्या शेडखाली ती गाडी. मागं स्टिकर, उन्हानं फिकट झालेलं, पण पूर्ण. मॅडमनं चाबी लावली अन् गाडी एका झटक्यात चालू झाली. धूर नाही. शिट्टी नाही. आतला टर्बो तोच, डोमाजीनं बसवलेला. मॅडम म्हणे, मले तर टर्बो-बिर्बो काही नको होतं बाई, पण साध्या गाडीले दोन महिने थांबा म्हणत अन् ही तयार उभी होती, म्हणून घेतली.

मले खुशी व्हायले पायजे होती. झाला राग. म्हटलं, तुमचीच काहून चालते? कोणतं तेल टाकता? कुठं पेट्रोल भरता? हळू चालवता का? मॅडमनं चष्म्यावरून पाह्यलं माझ्याकडं, शाळेत उशिरा आलेल्या पोरीकडं पाहावं तसं. म्हणे, माझी नोकरी बैहरकडं होती, राहणं तेव्हा बालाघाटले. इतके वर्षं रोज घाट चढून गेले अन् घाट चढून आले. अन् उशीर झाला का मी हळू चालवत नाही.

घाट. ज्या घाटानं डॉक्टरची गाडी खाल्ली, ठेकेदाराच्या दोन खाल्ल्या, तोच घाट ही बाई रोज चढे. मी घरी येऊन हे सांगितलं तर डोमाजीनं मानच हलवली. म्हणे, मास्तरीण बाई आहे, पाय दाबत नसन. मी मॅडमले फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, रविवारी येते, तुमच्या मिस्तरले बाजूच्या सीटवर बसवा.

आल्या. डोमाजी पुढं, मी मागं. रेल्वे फाटक ओलांडलं, गाव सुटलं अन् घाट लागला का मॅडमनं पाय ठेवला. काय सांगू, माझी पाठ सीटले चिकटली. वळणावर वळण, पुढचे दोन ट्रक मागं टाकले. डोमाजीनं डोळे मिटले होते. मले वाटलं घाबरले. पण ते ऐकत होते.

आता एक गोष्ट सांगायलेच पायजे. इतका वेळ मी ती सांगितली नाही, कारण ती सांगायची गोष्ट आहे हेच कधी मनात आलं नाही. घाटाच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे. आमच्याकडचा गाडीवाला तिथं थांबतेच. अन् थांबला का आधी चाबी फिरवते, इंजन बंद करते, मंग पायातलं काढते अन् खाली उतरते. देवीपुढं इंजन गुरगुरत ठेवणं म्हणजे चपला घालून गाभाऱ्यात जाणं. कोणी शिकवत नाही, लहानपणापासून हातच तसा जाते.

आम्ही माथ्यावर पोचलो. मी हात जोडले, डोमाजीनं जोडले. अन् गाडी थांबलीच नाही. मॅडम सर्रकन देवीपुढून निघून गेल्या, पुढच्या उताराले लागल्या.

"मॅडम, थांबल्या नाही तुम्ही?" डोमाजीनं विचारलं.

"मी नाही थांबत इथं. आम्ही बौद्ध लोक, आमचं काय काम तिथं? गाडी घेतली त्या दिवशीही तुम्ही म्हणत होते का आधी घाटावर नारळ फोडू. मी म्हटलं नको, सीधी घरी घ्या."

उतार संपला, जंगल लागलं, तरी डोमाजी मागं वळून माथ्याकडंच पाहत राह्यले. मंग एका पुलाजवळ म्हणाले, गाडी बाजूले घ्या. उतरले अन् पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. चेहरा असा, का मले वाटलं छातीत दुखून राह्यलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावली.

पाणी नाही घेतलं. विचारलं, मॅडम, कधीच नाही थांबल्या? एकदाही? मॅडम म्हणे नाही. अन् शाळेत पोचल्यावर लगेच बंद करत होत्या का? तर म्हणे, शाळा गावाच्या त्या टोकाले, बाजारातून बैलगाडीच्या मागं मागं हळूहळू जावं लागे.

मंग त्यानं मले सांगितलं, माझ्याकडं न पाहता. चढावर टर्बो निखाऱ्यासारखा लाल होते. इंजन चालू आहे तवर तेल फिरते अन् त्याले थंड ठेवते, उतारावर, बाजारात हळू चालली का तो निवते. तापल्या तापल्या इंजन बंद केलं का तेल बंद. दांडी त्या आगीत कोरडी बसते, जे तेल राह्यलं ते तिथंच जळून कोळसा होते. एकदा झालं तर चालते. रोज झालं तर खलास.

मी म्हटलं, मंग हेच! हेच होतं ना ते! तुमच्या हातात काय खोट होती? काहीच नाही! मले तर तिथंच नाचावंसं वाटलं. मॅडमचे हात धरले मी.

अन् हा माणूस काय म्हणते? "नूतन, हात कच्चा असता तर बरं होतं."

मी म्हटलं, म्हणजे?

"हे मले माहीत होतं. ट्रकवाल्याईले मीच सांगत होतो का चढून आला का दोन मिनिट चालू ठेव, मंग बंद कर. डॉक्टरले सांगितलं, ठेकेदाराले सांगितलं, सगळ्याईले सांगितलं, म्हणून ते कारण मी कधी धरलंच नाही. अन् नवी गाडी द्यायच्या दिवशी जोर दाखवायले मीच घाट चढवत नेत होतो. वर देवीपुढं चाबी मीच फिरवत होतो. नारळ मीच फोडत होतो. सांगत एक होतो अन् दाखवत दुसरं होतो. लोकाईनं पाह्यलं ते केलं."

मी पण होती ना तिथं, दोनदा तरी. नवी कोरी गाडी, गळ्यात झेंडूची माळ, अन् देवीपुढं एकदम शांत झालेलं इंजन. मले ते किती चांगलं वाटलं होतं. एखादं लेकरू गडबड करता करता आईपुढं गप बसावं, तसं.

पण मंग माझं डोकं पुन्हा तापलं. मी म्हटलं, इतके वर्षं कारण नाही सापडलं म्हणून रडले, आज सापडलं तर त्याच्यासाठी रडता? मले सांगा, तुम्हाले पेटी काढायची आहे का रडायले नवीन जागा पायजे आहे? तुम्ही बसा इथंच पुलावर, मी बसनं जाते. अन् मले रडू आलं. रागाचंच होतं ते, पण आलं. मॅडम बिचाऱ्या थर्मासमधून चहा काढत होत्या, त्याईचा हात तसाच राह्यला.

डोमाजीनं तो चहा घेतला. सगळा प्याले. मंग उठून मॅडमले म्हणाले, वापसीत मी चालवू का?

इतक्या वर्षात या माणसानं स्टेरिंगले हात लावला नव्हता. मॅडमनं चाबी दिली अन् बाजूले बसल्या. मी मागं, नाक पुसत. पलीकडचा चढ आखूड आहे पण खडा आहे. डोमाजीनं गाडी अशी वर नेली का मॅडमनं एकदा दरवाज्याचा दांडा पकडला अन् मंग हसल्या. माथ्यावर आलो, अन् डोमाजीनं गाडी थांबवली. बरोबर देवीपुढं, रोडाच्या कडेले. ब्रेक ओढला, चपला आत काढल्या, खाली उतरले. इंजन चालू.

रविवार होता, पाच-सहा गाड्या उभ्या. सगळ्या बंद, सगळं शांत, अन् मधात आमचं इंजन घुरघुरून राह्यलं. नारळवाल्या बाईनं माझ्याकडं पाह्यलं. ती मले ओळखते. एक पिकअपवाला अगरबत्ती लावता लावता म्हणाला, "काका, बंद करा ना. माताजीके सामने चालू नहीं रखते." त्याच्यासोबतच्या बायका पण पाहायले लागल्या. डोमाजी देवीपुढं हात जोडून उभे, जसं काही ऐकलंच नाही.

माझे कान गरम झाले. हे सगळं समजलं होतं मले, पुलावर बसून सगळं ऐकलं होतं, त्याच्यावरून भांडली होती. तरी मी दोन सीटाईच्या मधातून वाकली अन् चाबीवर हात टाकला. मनात दुसरं काही नव्हतं, फक्त ते इंजन गप व्हावं.

डोमाजी वळले, खिडकीतून त्याईचा हात आला अन् माझं मनगट धरलं.

"नूतन, चालू राहू दे."

"लोक पाहून राह्यले ना हो."

"पाहू दे. देवी दोन मिनिट थांबन."

माझं मनगट त्यानं तसंच धरून ठेवलं. मंग पिकअपवाल्याकडं वळून म्हणाले, दादा, तुमच्या पिकअपमध्येही टर्बो आहे. चढून आले अन् लगेच बंद केली ना? मागच्या वर्षी टर्बो बदलावा लागला का? पिकअपवाल्यानं अगरबत्ती हातात ठेवूनच मान हलवली. म्हणे हौ, बदलला, पण तुमाले कसं माहीत? तो जवळ आला. त्याच्यामागं अजून एक जण आला.

डोमाजीनं माझा हात सोडला, पुढं जाऊन बोनट उचललं अन् आत वाकले. आता फक्त त्याईची पाठ दिसत होती. बोटानं कुठलीतरी नळी दाबून पाह्यली, कान लावला, पिकअपवाल्याले जवळ बोलावून काहीतरी दाखवलं. मले वाटलं आता सगळे भांडतीन, पण तेही बोनटभोवती जमले.

मंग आतूनच आवाज आला, "मॅडम, एखादं फडकं आहे का? हात खराब होऊन राह्यले."